स्टेशनची मागची बाजू

एका जुन्या अमेरिकी रेल्वेगावाच्या संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलमधलं स्टेशन पुढून पूर्ण झालं होतं. फलाटाच्या फळ्या, छपराला आधार देणारे लाकडी टेकू, तारमास्तरची बाहेर आलेली खिडकी, मालाचं दार, सगळं जिथल्या तिथे होतं आणि प्रत्येक गोष्टीमागे एखादा फोटो किंवा आराखडा होता. मग पडद्यावरचा कॅमेरा इमारतीला वळसा घालून मागे नेला, तर तिथे नुसती राखाडी, सपाट भिंत. दार नाही, खिडकी नाही, धुराडं भिंतीला कुठे लागतं तेही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी रेल्वेगावांत फोटोग्राफरने तिपाई लावली ती जवळजवळ नेहमी रुळांच्या बाजूला. इंजिन, गाडी आणि फलाटावर ताठ उभे असलेले कर्मचारी हा त्याचा विषय होता. गावाकडची बाजू, जिथे घोडागाड्या लागायच्या, पिंपं उतरायची, पोरं हुंदडायची, ती कोणाला टिपावीशी वाटली नाही. लेखात हे सहज निभावून जातं. ‘एकमजली लाकडी स्टेशन’ एवढं लिहिलं की उरलेल्या भिंती वाचणाराच मनात उभ्या करतो. मॉडेलमध्ये मात्र चौथी भिंत कोणाला तरी बांधावीच लागते. तिला खिडक्या दोन द्यायच्या की तीन हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण तो मनातून हटत नाही, कारण एकदा तीन दिल्या की उद्या हे मॉडेल बघणाऱ्या प्रत्येकासाठी त्या तीनच होत्या.

मॉडेलला ‘माहीत नाही’ असं म्हणता येत नाही.

हे सगळ्यात जास्त जाणवतं ते टेरेससारख्या गावाशी. युटा राज्याच्या वायव्येला, ग्रेट सॉल्ट लेकच्या पलीकडच्या उजाड माळावर सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने १८६९ मध्ये हे गाव वसवलं. इंजिनांची दुरुस्ती करायला, गाडीवरची माणसं बदलायला, टाक्या भरून घ्यायला. सोळा खणांचं गोल इंजिनघर, कारखाना, दुकानं, हॉटेलं आणि एका कडेला चिनी वस्ती. पिण्याचं पाणीसुद्धा लांबच्या झऱ्यांवरून आणलेलं. १९०४ मध्ये ल्यूसिन कटऑफ हा जवळचा मार्ग सुरू झाला, गाड्या थेट तळ्यावरून धावू लागल्या आणि टेरेस मुख्य मार्गावरून बाजूला पडलं. पुढे १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवं म्हणून रूळही उखडून नेले. आज तिथे एकही इमारत उभी नाही. विटांचे तुकडे, फुटकी काच, जुन्या इमारतींच्या पायांच्या खुणा आणि ज्यावर रूळ होते तो मातीचा भराव. असं गाव पडद्यावर पुन्हा उभं करायचा मोह मोठा असतो आणि धोकाही तेवढाच असतो, कारण तुमची चूक दाखवून द्यायला तिथे एकही भिंत शिल्लक नाही.

म्हणून सगळ्यात आधी तारीख ठरवावी. ‘साधारण १८७० ते १९००’ असलं गाव कधीच अस्तित्वात नव्हतं. त्यात १८६९ चे तंबू, १८८० ची दुकानं आणि १९०० चे दिव्यांचे खांब एकाच रस्त्यावर येऊन बसतात आणि बघणाऱ्याला ते खरंही वाटतं. मला १ जून १८८० ही तारीख पसंत आहे. त्या वर्षीच्या जनगणनेचा तो अधिकृत दिवस. घरात कोण राहतं याचं उत्तर त्या दिवसापुरतं कागदावर आहे, आणि एवढी मोठी सोय पुढे वीस वर्षं मिळत नाही, कारण १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत जळाली किंवा खराब झाली आणि उरलेलीही पुढे नष्ट केली गेली. तारीख ठरली की प्रत्येक इमारतीसाठी तक्त्यात चार रकाने करायचे: कोणत्या तारखेला ती नक्की नव्हती, कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसते, शेवटी कधी दिसते आणि कोणत्या तारखेला नाहीशी झालेली आहे. ‘बांधकामाचं वर्ष’ असा एकच रकाना ठेवला तर माणूस अंदाजाने आकडा टाकतो आणि सहा महिन्यांनी तो अंदाज होता हेच विसरतो. चार रकान्यांत मात्र पोकळी उघडी राहते. एखादं दुकान १८७५ च्या फोटोत नाही आणि १८८४ च्या नकाशात आहे, तर १८८० मध्ये ते होतं की नाही हे ठरवायला दुसरा पुरावा हुडकावा लागतो. वर्तमानपत्रातली जाहिरात, व्यापाऱ्यांच्या सूचीतलं नाव, करवसुलीची नोंद, असं काहीतरी.

नकाशांच्या बाबतीत अमेरिकी गावं नशीबवान आहेत. सॅनबॉर्न नावाच्या कंपनीने १८६७ पासून आगीच्या विम्यासाठी बारा हजारांच्या आसपास गावांचे नकाशे काढले. प्रमाण बहुतेक ठिकाणी ५० फुटांना १ इंच, कागद २१ बाय २५ इंचांचा. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी, लोखंडी पत्र्याची राखाडी. घराच्या चौकोनात मजल्यांचा आकडा. राहतं घर असेल तर ‘डी’, दुकान असेल तर ‘एस’. कोपऱ्यातली फुली म्हणजे लाकडी कौलांचं छप्पर, छोटं वर्तुळ म्हणजे पत्रा किंवा पाटीचा दगड. शेगडी कशाची, पाण्याची टाकी किती गॅलनची, रात्री पहारेकरी असतो का, हेही लिहिलेलं. आग कुठून लागेल आणि कुठवर जाईल या एकाच चिंतेने गावाकडे पाहणारा माणूस किती बारकाईने पाहतो, हे बघून मी दरवेळी थक्क होते. या नकाशांच्या काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्मवरून काम करू नये. रंग गेला की वीट आणि लाकूड एकच होतं आणि मॉडेलमधला अर्धा रस्ता चुकीच्या साहित्याचा बनतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे रंगीत स्कॅन हातात असतील तेव्हाच सुरुवात करावी. कागदावर नीट पाहिलं तर ठिकठिकाणी चिकटवलेले तुकडे दिसतात. गावात बदल झाला की कंपनी पूर्ण नकाशा न छापता दुरुस्तीची चिठ्ठी पाठवायची आणि ती जुन्या चित्रावर डकवली जायची. म्हणजे वर छापलेलं वर्ष एक आणि खालच्या कोपऱ्यातलं दुकान त्यानंतरचं. चिठ्ठीची कड पकडता आली नाही तर तारखेची सगळी मेहनत वाया जाते.

नकाशा जमिनीवर बसवणं हे यानंतरचं काम आणि इथे घाई केली की पुढचं सगळं तिरकं जातं. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि दोन्ही दिशांना सारखा आखडत नाही. २५ इंचांत नुसता एक टक्का फरक पडला तर पाव इंच होतो, म्हणजे जमिनीवर साडेबारा फूट. पंचवीस फुटी दर्शनी रुंदीच्या दुकानांच्या रांगेत साडेबारा फूट म्हणजे अर्धं दुकान! म्हणून जिथे नकाशावर रस्त्याची रुंदी आकड्यात लिहिली आहे तिथे तो आकडा खरा मानायचा आणि पट्टीने मोजलेलं अंतर दुय्यम. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आठ-दहा पक्क्या खुणा घ्याव्यात. रस्त्यांचे छेद, रुळांची मध्यरेषा, अजून शाबूत असलेल्या पायाचा कोपरा. त्या कागदभर पसरलेल्या असाव्यात, एकाच चौकात दाटलेल्या नसाव्यात. मग आधी साधी रेषीय पद्धत वापरून चूक किती राहते ते बघावं. पुष्कळ जण थेट ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडतात, कारण तिथे चूक शून्य दिसते. ती शून्य दिसते कारण ती पद्धत नकाशाला रबरासारखा ताणून प्रत्येक खूण जुळवूनच देते. एखादी खूणच चुकीची असेल तर आजूबाजूचा रस्ता मुकाट वाकतो आणि तक्रार कोणीच करत नाही. साध्या पद्धतीत तीच खूण वीस फुटांची चूक दाखवते आणि लगेच सापडते.

मापांच्या बाबतीत दोन खड्डे असे आहेत की ते कळेपर्यंत बरंच काम होऊन गेलेलं असतं. पहिला, अमेरिकेत फूट दोन होते. सर्वेक्षणाचा फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोन भाग एवढाच फरक, आणि २०२२ च्या अखेरीपर्यंत दोन्ही चालत होते. खोली मोजताना हा फरक कधीच दिसणार नाही. पण राज्याच्या निर्देशांक पद्धतीत, म्हणजे ठरावीक शून्यापासून जागा फुटांत सांगणाऱ्या पद्धतीत, गावाचा पूर्वेकडचा आकडा २० लाख फूट असेल तर तोच फरक ४ फूट होतो. रुळांमधलं प्रमाण अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे जवळजवळ एक अख्खा रूळमार्ग बाजूला सरकला. दुसरा खड्डा गेम इंजिनांचा, म्हणजे त्रिमितीय दृश्य पडद्यावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. ती बहुधा अंतरं मोजक्याच अंकांत साठवतात, आणि २० लाखांच्या घरात गेल्यावर दोन शेजारच्या शक्य आकड्यांमध्ये दीड इंचाचं अंतर पडतं. खिडकीच्या चौकटी थरथरतात, रुळांच्या कडा करवतीसारख्या दिसतात, आणि माणूस बिचारा ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतो. उपाय सोपा आहे. गावातली एक पक्की जागा शून्य मानायची. टर्नटेबलचा, म्हणजे इंजिन वळवायच्या फिरत्या चकतीचा, मध्य यासाठी उत्तम, कारण तो जमिनीवर सापडतो आणि नकाशावरही. मूळ निर्देशांकांतून किती वजा केले तो आकडा साध्या मजकुराच्या फायलीत मॉडेलशेजारीच ठेवायचा. ती फाइल हरवली तर मॉडेल पुन्हा जमिनीवर बसवता येत नाही.

खुद्द रेल्वेची कागदपत्रं तर आणखी दाट. १९१३ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेचं मूल्यमापन सुरू केलं आणि त्यासाठी अख्ख्या देशातल्या मार्गांचे नकाशे तयार झाले. स्टेशनांच्या आवारासाठी १०० फुटांना १ इंच. त्यात मार्गावरची प्रत्येक जागा सुरुवातीच्या बिंदूपासून शंभर-शंभर फुटांत मोजलेली असते. ४५६ अधिक ३० म्हणजे ४५,६३० फूट. ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की पाण्याची टाकी, सांधा, नाल्यावरची मोरी हे सगळं भरावावर फुटाच्या हिशेबाने ठेवता येतं. १८८० साठी हे नकाशे साडेतीन-चार दशकं उशिराचे आहेत, त्यामुळे त्यांतलं काहीच जसंच्या तसं उचलायचं नाही. पण रुळांचा मार्ग, भरावाची रुंदी आणि कंपनीच्या जमिनीची हद्द सहसा हलत नाही, आणि तेवढ्यावरही गावाचा कणा उभा राहतो.

आता फोटो. फोटोतून माप काढायचं तर ज्याचं माप आधीच ठाऊक आहे अशी वस्तू चौकटीत हवी, आणि रेल्वेच्या फोटोत ती हमखास असते. रुळांमधलं ४ फूट साडेआठ इंच अंतर हे रुळांच्या आतल्या कडांमधलं. मध्यापासून मध्यापर्यंत धरलं तर दोन-अडीच इंच चुकतात आणि इमारतीपर्यंत पोचेस्तोवर ते फुटांत जातात. स्लीपर साधारण आठ फूट लांब आणि मैलाला अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे दोन स्लीपरांच्या मध्यांत सव्वादोन फुटांपेक्षा थोडं कमी अंतर. फलाटाशेजारचे स्लीपर मोजले की फलाटाची लांबी हाताशी येते. भिंतीवरच्या आडव्या फळ्या मोजल्या की उंची मिळते. एका दाराच्या उंचीत किती फळ्या बसतात ते बघायचं आणि तोच हिशेब वळचणीपर्यंत न्यायचा. हे सगळं करण्याआधी कॅमेरा कुठे उभा होता ते शोधावं लागतं. एफस्पाय हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. फलाटाची कड आणि छपराची कड अशा समांतर रेषा दोन दिशांना आखून दिल्या की त्या जिथे मिळतात त्या बिंदूंवरून ते कॅमेऱ्याची जागा आणि भिंगाचा कोन काढतं, आणि तो कॅमेरा ब्लेंडर या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. पण त्याचं गृहीत असं की चित्राचा मध्य हाच भिंगाचा मध्य. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत ते खरं नसतं. इमारतीच्या उभ्या रेषा सरळ राहाव्यात म्हणून फोटोग्राफर भिंग वर सरकवायचा आणि मध्य चित्राच्या खालच्या भागात जायचा. शिवाय छापील प्रत चारही बाजूंनी कापलेली असते. म्हणून काचेच्या पूर्ण निगेटिव्हचा स्कॅन मागवावा, कडांच्या ओरखड्यांसकट. युटातल्या प्रॉमोंटरीला दोन रेल्वे जोडल्या गेल्या तेव्हाचे फोटो काढणाऱ्या ए. जे. रसेलच्या १० बाय १३ इंची काचा ओकलंडच्या संग्रहालयात आहेत. तेवढ्या मोठ्या काचेत फळीवर पुसट झालेली अक्षरंही उमटलेली असतात.

सेंट्रल पॅसिफिकसाठी काम करणारा आल्फ्रेड हार्ट दुहेरी भिंगाने फोटो काढायचा, दोन डोळ्यांनी बघायचे. त्या जोड्यांवरून खोली मोजता येईल असं वाटतं, आणि जवळच्या वस्तूंसाठी येतेही. पण दोन भिंगांमध्ये जेमतेम काही इंचांचं अंतर. शंभर फुटांपलीकडची सगळी घरं एकाच पडद्यावर रंगवल्यासारखी सपाट होतात. तिथे या जोड्या मोजमापाला वापरू नयेत. कोणती शेड पुढे आणि कोणती मागे एवढं त्या सांगतात, आणि कित्येकदा तेवढंच हवं असतं.

रंगाबद्दल मात्र या काचा सरळसरळ फसवतात. काचेवरचा ओल्या कोलोडियन या रसायनाचा थर निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लालपिवळ्याला जवळजवळ आंधळा. निळं आकाश कोरं पांढरं येतं, लाल रंग काळा पडतो, पिवळी भिंत गडद दिसते, आणि फिकट निळा सदरा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यासारखा उमटतो. फोटोत गडद दिसलं म्हणून तपकिरी रंग लावला तर मूळ भिंत पिवळीही असू शकते. याचं सर्वांत बोलकं उदाहरण प्रॉमोंटरीलाच आहे. १० मे १८६९ ला जिथे दोन रेल्वे जोडल्या गेल्या तिथल्या स्मारकासाठी १९७९ मध्ये ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ या इंजिनांच्या पूर्ण आकाराच्या, धावणाऱ्या प्रतिकृती बनल्या. मूळ इंजिनं केव्हाच भंगारात गेली होती, आराखडे उरले नव्हते, म्हणून फोटो मोठे करून त्यांवरून मापं काढली गेली. आकार उत्तम जमला. रंग मात्र लाल दिला गेला. पुढे त्या काळच्या वर्तमानपत्रातलं ज्युपिटरचं वर्णन सापडलं, त्यात निळा आणि किरमिजी असं स्पष्ट लिहिलेलं. १९९० च्या दशकात इंजिन पुन्हा रंगवलं गेलं. फोटोने शेकडो मापं बिनचूक दिली आणि रंगाचा पत्ता बातमीतल्या एका वाक्याने दिला. तेव्हापासून मॉडेलच्या तक्त्यात आकार आणि रंग यांचे पुरावे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

इंजिनघराची भूमिती मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते, कारण तिथे अंदाजाला भूमिती धाक घालते. सगळे खण टर्नटेबलच्या मध्याकडे रोखलेले असतात. दोन शेजारच्या खणांत साडेसात अंशांचा कोन आणि दार-खांब मिळून १४ फूट रुंदी धरली तर दारांची रेषा मध्यापासून सुमारे १०७ फुटांवरच यायला हवी. जमिनीवरच्या पायाच्या खुणांत ती ९० फुटांवर भरली तर कोन जवळजवळ नऊ अंश, आणि सोळा खणांची कमान त्या प्रमाणात जास्त पसरणार. तीन आकड्यांपैकी कोणतेही दोन सापडले की तिसरा आपोआप पक्का होतो. घरांच्या बाबतीत असं सुख कधीच मिळत नाही.

आणि मग पसारा. नव्याने बनवलेली बहुतेक मॉडेलं मला खोटी वाटतात ती चकचकीतपणामुळे. रेल्वेगाव म्हणजे राखेचे ढीग, तुटकी चाकं, मोडक्या पेट्या, गळणाऱ्या टाकीखालचा चिखल आणि लाकडाच्या राशी. लाकूड जाळणाऱ्या इंजिनांच्या काळात रुळांकडेने रचलेल्या ओंडक्यांच्या भिंती काही ठिकाणी घरांपेक्षा मोठ्या दिसतात. एक कॉर्ड म्हणजे चार बाय चार बाय आठ फूट, १२८ घनफूट. ही रास फोटोत आडवी पसरलेली असली की तीही पट्टीसारखी वापरता येते. पसारा मांडताना एकच ओंडका हजारदा वापरला तरी चालतो, फक्त प्रत्येक प्रतीला थोडं फिरवावं, थोडं लहान-मोठं करावं. नाहीतर डोळा तो नमुना लगेच पकडतो.

प्रकाशाचंही तसंच. सॉफ्टवेअरला अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ दिली की सूर्य जागेवर बसतो. फक्त १८८० मध्ये वेळ कोणाची? अमेरिकी रेल्वेंनी प्रमाणवेळ स्वीकारली १८ नोव्हेंबर १८८३ ला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीच्या शहराची वेळ चालवायची आणि गाव आपल्या माथ्यावरच्या सूर्याची. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. आजचा पर्वतीय वेळपट्टा निवडून ‘दुपारी बारा’ टाकले तर सावल्या चुकीच्या पडतात. स्टेशनच्या घड्याळात काटे कुठे ठेवायचे हा वेगळाच प्रश्न, कारण ते घड्याळ रेल्वेचं आहे.

इथपर्यंत सगळं मोजता येतं. माणसं आली की मोजणी थांबते.

१८८० च्या जनगणनेत गणक ज्या क्रमाने घरोघर गेला त्या क्रमाने घरांना आकडे दिलेले असतात. रस्त्याचं नाव नसलं तरी हा क्रम म्हणजे त्याच्या पावलांची वाट. स्टेशनमास्तर, हॉटेलवाला, दुकानदार अशी दोन-चार माणसं इतर कागदांवरून नकाशावर पक्की झाली की मधली कुटुंबं त्या वाटेवर ओवता येतात. तो रस्त्याच्या एका बाजूने गेला आणि दुसऱ्या बाजूने परतला की नागमोडी गेला हे कळायला वेळ लागतो, आणि घरी कोणी नसलेल्या घरांना त्याने नंतर भेट दिली असेल तर क्रम तुटतो. तरीही बॉयलरवाला, लोहार, त्याची बायको, तीन मुलं, आयर्लंडहून आलेली सासू, अशी माणसं हळूहळू त्यांच्या त्यांच्या दारात येऊन उभी राहतात. कोरड्या तक्त्यातून हे घडताना बघणं हा या कामातला मोठा आनंद आहे.

चिनी वस्तीपाशी हा आनंद अडखळतो. सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग सिएरा नेवाडातून आणि नेवाडा-युटाच्या वाळवंटातून ज्यांनी खणला त्यांत हजारो चिनी कामगार होते. काम पूर्ण झाल्यावरही मार्गाची निगा राखणाऱ्या टोळ्यांत ते राहिले, आणि टेरेसमध्ये त्यांचं गाव होतं. कंपनीच्या १८६० च्या दशकातल्या पगारपत्रकांत बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचं किंवा कंत्राटदाराचं नाव, पुढे माणसांचे दिवस आणि रक्कम. हंग वा या कंत्राटदाराचं नाव तिथे दिसतं, त्याच्या हाताखालची माणसं दिसत नाहीत. जनगणनेत नावं आहेत, पण ऐकणाऱ्याला जशी ऐकू आली तशी, आणि एकाच साच्याची इतकी की १८७० चा माणूस आणि १८८० चा माणूस एकच का हे जुळवणं बहुधा अशक्य. विम्याच्या नकाशांवर इतर गावांत अशा वस्तीची घरं कधी एकेक काढलेली असतात, कधी सगळ्यांवर मिळून एकच ‘चिनी’ असा शिक्का. विमा उतरवायचाच नव्हता तर मोजायचं कशाला? ज्या कंपनीने वाफेच्या हातोड्याचा किमतीसकट हिशेब ठेवला तिने रूळ सरळ ठेवणाऱ्या माणसाचं घर किती फुटांचं होतं ते कुठेही लिहिलं नाही. हे वाचताना राग येतो, आणि तो येऊ द्यावा असं मला वाटतं, फक्त त्या रागाच्या भरात खोटी घरं बांधू नयेत.

कारण तो मोह फार होतो. तयार नमुन्यांतून लाल कंदील, वळणदार छपरं, सोनेरी अक्षरं उचलली की पाच मिनिटांत ‘चायनाटाउन’ तयार. त्यातलं काहीही या माळावर होतं असं मानायला आधार नाही. जमिनीतून जे निघतं ते वेगळं बोलतं. तपकिरी झिलईची सोया सॉसची आणि लोणच्याची बरणी, निळ्या रेघांचे भाताचे वाडगे, अफूच्या डब्यांचे पितळी पत्रे, आणि त्यांच्याच शेजारी अमेरिकी बाटल्या, अमेरिकी बटणं, गावात इतरांकडे असतात तशीच. घरंही हाताशी असलेल्या फळ्यांची असणार.

म्हणून मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूला खात्रीची पायरी जोडणं मी अनिवार्य मानते. पहिली पायरी: जागा, माप आणि रूप तिन्ही पुराव्याने सिद्ध. दुसरी: जागा सिद्ध, रूप कंपनीच्या प्रमाण आराखड्यावरून किंवा शेजारच्या गावातल्या तशाच इमारतीवरून. तिसरी: असणार हे नक्की, पण जागा आणि रूप दोन्ही तर्काने. चौथी: निव्वळ भरणा. आकडा प्रत्येक भिंतीला लावायचा, इमारतीला नव्हे. स्टेशनच्या पुढच्या भिंतीला एक आणि मागच्या भिंतीला तीन असं होऊ शकतं आणि होतंच. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी २००६ मध्ये सुरू झालेल्या लंडन चार्टर या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा हाच: काय दाखवलं याबरोबर ते का आणि कशावरून दाखवलं याची नोंद ठेवा. व्यवहारात ती नोंद वेगळ्या वहीत ठेवली तर कोणी उघडत नाही. ती वस्तूच्या नावातच घालावी, इमारतीचा क्रमांक, पायरी आणि स्रोताचा क्रमांक, आणि बघणाऱ्याला एका कळीने गाव पायऱ्यांच्या रंगांत बघता यावं. पहिल्या पायरीचं ठसठशीत, तिसरीचं फिकट, चौथीचं नुसती तारांची चौकट. ती कळ दाबल्यावर रेल्वेचं आवार घट्ट उभं राहतं, मुख्य रस्ता अर्धवट विरतो आणि चिनी वस्तीच्या जागी जमिनीवर फक्त हद्दीची रेघ उरते. काही प्रकल्पांत ही कळ तज्ज्ञांसाठी म्हणून लपवून ठेवतात. ती सगळ्यांसमोर हवी, आणि गाव उघडताना आधी तेच दृश्य दिसावं.

त्या रेघेच्या आत घरं नसली तरी नावं ठेवता येतात. जनगणनेतले चिनी रहिवासी, वय आणि कामासकट, जसे लिहिले तसे, कोणत्याही दारावर न चिकटवता. आणि जमीन अजून बोलते आहे. २०२१ च्या सुमारास टेरेसच्या चिनी वस्तीत पुरातत्त्वज्ञांना एका घराची लाकडी जमीन जागेवर सापडली, वाडग्यांचे तुकडे आणि चिनी नाण्यांसकट. फळ्यांची लांबी-रुंदी म्हणजे घराचं माप. तक्त्यात त्यासाठी नवी ओळ उघडायची: जागा पायरी एक, तळ पायरी एक, भिंती पायरी तीन, छप्पर पायरी चार. मॉडेलची आधीची आवृत्ती पुसायची नाही, तारीख घालून बाजूला ठेवायची. मग भिंतींच्या उंचीसाठी शेजारी पडलेल्या खिळ्यांची मापं आणि चुलीच्या विटांची जागा पुरातत्त्वज्ञांच्या अहवालातून उतरवून घ्यायची, आणि दार कोणत्या बाजूला होतं ते उंबऱ्याच्या झिजेवरून कळतं का ते बघायचं.